मोराचं कार्ड

पाळक येसुदास रणभिसे हस्तलिखित परत देताना म्हणाले,
"सुवार्ताबाई, चेटकीण आहे, उडतं हरण आहे,
तळ्याखाली अख्खं शहर आहे.
तीनशे बारा पानांत प्रभू कुठंय?"

उपासना नुकतीच सुटली होती.
कडुनिंबाखाली लोक आपापल्या चपला शोधत होते.
मी म्हटलं, "बघते परत,"
आणि पिशवी छातीशी धरून
रिक्षा न करता चालत निघाले.

माझे पप्पा मागावरचे नव्हते.
ते कार्डं पाडायचे. जॅकार्डची, जाड पुठ्ठ्याची,
अशोक चौकामागच्या एका पत्र्याच्या खोलीत.
चौकटीच्या कागदावरचा मोर
घर-घर करत वाचायचे
आणि पंच मारायचे:
ठक. ठक. सोड. ठक.

लहानपणी एक कार्ड मी उन्हाला धरून पाहिलं.
मोर नव्हता.
भोकं होती, आणि भिंतीवर
उन्हाच्या टिकल्या.
"मोर कुठंय, पप्पा?"
"गुंडेटीच्या मागावर चढू दे. मग ये बघायला."

हे उत्तर पाळकांना द्यायला हवं होतं.
सुचलं ते सात रस्त्याला आल्यावर.

आणि तेही अर्धंच खरं.
मी काही ठरवून भोकं पाडत नाही.
वीज मंडळातून संध्याकाळी घरी येते,
कडक भाकरी आमटीत चुरून खाते,
मग हरणाला पंख लावते,
कारण मला आवडतं
हरणाला पंख लावायला.

सतराव्या प्रकरणात चेटकीण सापडली.
तिनं शहराचं पाणी एका घागरीत कोंडलेलं,
तीन पोरं तहानेनं गेलेली,
आणि तांबटच्या, माझ्या नायकाच्या, हातात पातं.
मे महिना. चव्वेचाळीस. लाईट गेलेली.
मी तिला मारायलाच बसले होते, खरं सांगते.
पाच दिवसांआड येणाऱ्या नळाचा राग
मला तिच्या मानेवर काढायचा होता.

लिहिलं: त्यानं पातं उचललं.
खोडलं.
लिहिलं. खोडलं.
रोज रात्री डोळे मिटून जी प्रार्थना म्हणते
तिच्यातली ती ऋणाची ओळ
पेनाच्या टोकाशी येऊन बसली,
उठेना.

एकदा एका मोराची मान तुटकी विणली गेली.
शंभर चादरी.
मालकानं पैसे पप्पांच्या पगारातून कापले.
कार्ड बरोबर होतं. दोरा चुकीचा ओवला होता गुंडेटीनं,
आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.
त्या नाताळात गुंडेटी आमच्याकडे जेवायला.
पप्पा त्याला आणखी एक करंजी वाढतायत,
तो ताटातून मान वर करत नाही.
आत आईनं पातेलं आपटलं.
तेव्हा मला आईचं पटलं होतं.
अजूनही, एखाद्या दिवशी, पटतं.

तांबटनं पातं जमिनीवर ठेवलं.
तिच्याशेजारी बसला.
शेंगाचटणी लावून भाकरीचा तुकडा पुढं केला.
ती रडली नाही. सुधारली नाही.
त्याच्या तळहाताला कडकडून चावली, आरपार.
घागर मात्र त्या झटापटीत कलंडली.

माझी भाची अदिना, वय अकरा,
तिनं सगळं दोन दुपारांत वाचून काढलं.
तिला प्रभू कुठंय हे विचारायचं नव्हतं.
"आत्या, जादूचं गाव आहे ना ते?
मग शेवटपर्यंत त्याच्या हाताचं भोक बुजत का नाही?"

"बुजवून पाहिलं," मी म्हटलं. "दोनदा.
बुजवलं की पुढचं प्रकरणच सुचत नाही."

तिला ते पटलं नसावं.
तिनं आपला तळहात खिडकीतल्या उन्हात धरला,
बोटं जराशी फाकवली,
आणि भिंतीवर काय पडतंय
ते बघत बसली.